पाण्याने वेढलेल्या गावाचा फोन

लेखन : भूगोल गट, इयत्ता ७ वी



बेट म्हणजे काय, हे चौथीतलं पोरगंही सांगेल. चारही बाजूंनी पाणी आणि मधे जमीन. आम्हांला वाटायचे की बेट फक्त समुद्रात असते आणि समुद्र आपल्यापासून फार लांब. पण गुरुजींनी फळ्यावर आपल्या तालुक्याचा नकाशा काढला आणि विचारले, "आपल्याकडे बेटं किती?" आम्ही म्हणालो, "एकही नाही गुरुजी." त्यांनी निळ्या खडूने सातपुड्यातून उतरणारे नदीनाले काढले. ते सारे दक्षिणेकडे पूर्णा नदीला मिळायला धावतात. मग ते म्हणाले, "आता डोंगरात रात्रभर पाऊस झाला असं समजा." दोन नाल्यांच्या मधली गावे पाहिली आणि आम्ही गप्प झालो.

२२ जुलै २०२३ आपल्यापैकी कुणी विसरलेले नाही. त्या दिवशी जळगाव जामोद आणि आपल्या संग्रामपूर तालुक्यात एवढा पाऊस झाला की नद्या गावांत शिरल्या, रस्ते पाण्याखाली गेले आणि कितीतरी गावांचा संपर्क तुटला. ती गावे त्या दिवशी बेटेच झाली होती. बेटावरच्या माणसाला एकाएकी दवाखान्याची गरज पडली तर तो कुणाला हाक मारील आणि ती हाक कुठे पोचेल, हा आमच्या अभ्यासाचा विषय होता.

आमच्या गटातल्या एकीने तिच्या मामाच्या गावची हकीकत सांगितली. तिच्या परवानगीने ती इथे देतो. गावाच्या दोन्ही अंगांना नाले. श्रावणात रात्री साडेआठला मामी गोठ्यात गेली आणि तिच्या हाताला साप डसला. मामांनी लगेच फोन केला, गाडीही निघाली. मामांनी गावाचे नाव सांगितले, मामीचे नाव सांगितले, "लवकर या जी" असे चार वेळा सांगितले. फक्त कोणत्या नाल्याकडून यायचे ते सांगायचे राहिले. गाडी डांबरी रस्त्याने एका नाल्यापाशी येऊन उभी राहिली. त्या नाल्याला पूर होता. दुसऱ्या नाल्याचे पाणी उतरले होते, म्हणून मामा आणि शेजारी मामीला बाजेवर घालून तिकडे जाऊन बसले. गाडी एकीकडे, माणसे दुसरीकडे. एकमेकांना शोधण्यात जवळजवळ एक तास गेला. मामी वाचली, पण तिच्या उजव्या हाताची दोन बोटे अजून नीट वळत नाहीत. भाकरी ती डाव्या हाताने थापते.

यात गाडीवाल्याचा दोष नव्हता, हे मामा स्वतःच सांगतात. मग चुकले कुठे? हे कळायला फोन केल्यावर पुढे काय काय होते ते समजून घ्यावे लागते.

१०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक. आपल्या देशात हा क्रमांक १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादहून सुरू झाला. महाराष्ट्रात ही सेवा २६ जानेवारी २०१४ पासून सुरू झाली, तेव्हा साऱ्या राज्यासाठी ९३७ गाड्या होत्या. आम्हांला वाटत होते की फोन वरवट बकालच्या दवाखान्यात वाजतो. तसे नाही. तो पुण्याला वाजतो! इथून पुणे चारशेहून अधिक किलोमीटर. पोलीस, आग किंवा कोणतेही संकट असले तर ११२. तो फोन नवी मुंबईच्या केंद्रात लागतो, तिथे गर्दी असली तर नागपूरच्या. तिथून निरोप बुलढाण्याच्या पोलीस नियंत्रण कक्षाकडे येतो आणि तिथून जवळच्या गाडीकडे जातो. पुरासारख्या आपत्तीत जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षासाठी १०७७ आहे. गरोदर माता आणि तान्ह्या बाळासाठी १०२.

"एवढ्या लांब फोन कशाला न्यायचा? इथंच ठेवला असता तर?" असे आमच्यातल्या एकाने विचारले. प्रश्न रास्त होता. गुरुजी म्हणाले, आपल्या तालुक्याची गाडी दुसऱ्या रोग्याला घेऊन खामगावला गेली असेल तर इथल्या माणसाला एवढेच सांगता येईल की गाडी नाही. साऱ्या राज्याच्या गाड्या ज्याच्या समोरच्या पडद्यावर दिसतात, त्याला तेल्हाऱ्याची किंवा शेगावची गाडी रिकामी आहे हेही दिसते. तेल्हारा अकोला जिल्ह्यात असला म्हणून काय झाले? गाडीला जिल्ह्याची शीव नसते. हे आम्हांला पटले. पण लांबच्या माणसाला आपला वड, आपला पार, आपला नाला ठाऊक नसतो हेही तितकेच खरे.

हाक मारणे सोपे, पण ती नीट ऐकून वाटी लावणारे कुणी पाहिजे, हे जगालाही उशिराच कळले. १९३५ साली लंडन शहरात एका घराला आग लागली आणि पाच स्त्रिया दगावल्या. शेजाऱ्याने टेलिफोन केला होता, पण त्याचा फोन इतर साध्या फोनांच्या रांगेत अडकून पडला. त्यानंतर ३० जून १९३७ पासून तिथे संकटासाठी ९९९ हा वेगळा क्रमांक सुरू झाला. अमेरिकेत ९११ सुरू व्हायला १९६८ साल उजाडले.

मग आम्ही वर्गात एक प्रयोग केला. गुरुजी कपाटामागे जाऊन बसले, म्हणजे त्यांना आम्ही दिसणार नाही. ते पुण्याच्या ताई. पहिला फोन आमच्या वर्गातल्या सर्वांत धीट मुलाने केला.

"हालो, लवकर या, बाबाले साप डसला!"

"कुठून बोलता?"

"वरवटहून जी!" आणि याने फोन ठेवूनही दिला.

सगळा वर्ग हसला. पण गुरुजी कपाटामागून बाहेर आले ते गंभीर होऊनच. म्हणाले, "कोणतं वरवट? बकाल की खंडेराव?" दोन्ही आपल्याच तालुक्यात. गाडी कुठे पाठवायची? आणि नुसते संग्रामपूर म्हटले तरी भागत नाही, या नावाची गावे बिहारातही आहेत. जिल्हा बुलढाणा, तालुका संग्रामपूर, मग गाव, मग गावातली मोठी खूण, असे मोठ्याकडून लहानाकडे यायचे. आमच्या मुलांनी खुणा सांगितल्या त्यांत "आमच्या म्हशीच्या गोठ्यापाशी" आणि "जिथं बैल बसतो तिथं" अशाही होत्या! रात्री गाडीच्या दिव्यात दिसेल तीच खूण कामाची. शाळा, पाण्याची टाकी, देवळाचा कळस, ग्रामपंचायतीचा फलक.

सात जणांनी फोन केले. सातव्या मुलीचा फोन बरोबर झाला. तिने गाव सांगितले, काय झाले ते सांगितले, रोगी शुद्धीवर आहे आणि श्वास चालू आहे हे सांगितले, कोणता रस्ता बंद आणि कोणता चालू ते सांगितले, आणि समोरून "ठेवा" म्हणेपर्यंत फोन ठेवला नाही. हे शेवटचे आम्हां सगळ्यांनाच जड गेले. घाबरलेल्या माणसाला वाटते की फोन ठेवला की गाडी लवकर निघेल. वास्तविक आपण बोलत असतानाच तिकडे दुसरा माणूस गाडीला निरोप देत असतो.

सापाची गोष्ट निघाली म्हणून थोडे सांगतो. डसलेल्या जागी कापू नये, रक्त चोखू नये, दोरी आवळून बांधू नये. बांगड्या, अंगठी काढून घ्यावी, कारण हात सुजतो. मोडलेला हात जसा हलू देत नाहीत तसाच तो स्थिर ठेवावा आणि रोग्याला चालवू नये. सापाच्या विषावरचे औषध दवाखान्यातच मिळते. झाडफूक करण्यात गेलेला वेळ परत येत नाही. (आमच्यातल्या एकाचे आबाजी या वाक्यावर रागावले आहेत. पण वाक्य तसेच ठेवायचे असे गटाने ठरवले.)

आता खऱ्या बेटाकडे वळू. मुंबईच्या समुद्रात घारापुरी बेट आहे. कोरीव लेण्यांमुळे ते जगप्रसिद्ध आहे, पण तिथे माणसेही राहतात, हे पुष्कळांना माहीत नसते. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशी तिथे तीन छोटी गावे आहेत. तालुका उरण, जिल्हा रायगड. मुंबई समोर दिसते, तिचे दिवे रात्रभर चमकतात, पण या बेटावर समुद्राखालून तार टाकून कायमची वीज पोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये! दिवसा प्रवाशांच्या बोटी चालतात. रात्री त्या बंद. म्हणजे रात्री कुणाला कळ आली तर रुग्णवाहिका कितीही वेगाने आली तरी ती समोरच्या धक्क्यापर्यंतच. पुढे होडी, आणि होडी म्हणजे ती चालवणारा जागा असलेला माणूस. समुद्रावरच्या संकटासाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांकही आहे.

आपल्या सातपुड्याच्याच रांगेत, पण पश्चिमेला, नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेच्या काठी मणिबेली, चिमलखेडी अशी गावे आहेत. सरदार सरोवराचे पाणी चढल्यावर तिथे होडीवाचून जाणे कठीण झाले. त्या भागात बोटीतला तरंगता दवाखाना सुरू करावा लागला. २०२० साली साथीच्या दिवसांत तिथली एक अंगणवाडी सेविका स्वतः होडी वल्हवत बाळांना आणि गरोदर बायांना भेटायला जात असे. तिची बातमी वाचून दाखवली तेव्हा आमच्या वर्गातल्या मुली जास्त वेळ टाळ्या वाजवत होत्या.

आता गणित. हे आकडे आम्ही उदाहरणासाठी मानले आहेत. फोनवर बोलायला ३ मिनिटे. गाडीला काठापर्यंत यायला ३५ मिनिटे. होडी तयार करून रोग्याला तिच्यात निजवायला १० मिनिटे आणि पाणी ओलांडायला ३० मिनिटे. गाडी काठावर आल्याचे कळल्यावर होडी निघाली तर ३ + ३५ + १० + ३० = ७८ मिनिटे. फोन ठेवताच दोघेही आपापल्या बाजूने निघाले तर गाडी ३८ व्या मिनिटाला काठावर आणि होडी ४३ व्या मिनिटाला. ७८ वजा ४३, म्हणजे ३५ मिनिटे वाचली. ना नवी गाडी आली, ना नवा पूल झाला. फक्त दोन कामे एकामागून एक न करता एकाच वेळी केली. हे गणित आमच्या पुस्तकात कुठेच नाही, पण मला वाटते ते असायला हवे होते.

मामाच्या गावालाही हेच लागू पडते. तिथे होडी नाही, पण बाज आहे आणि उचलणारी माणसे आहेत. पुण्याच्या ताईने गाडी पाठवायची, हे तिचे अर्धे काम. कोणत्या काठावर भेटायचे, बाज कोण उचलणार, कंदील किंवा बॅटरी घेऊन डांबरी रस्त्यावर कोण उभे राहणार, हे उरलेले अर्धे काम गावाचे. ते पुण्याहून कुणी करू शकत नाही आणि रात्री साडेआठला ठरवायला बसले तर उशीर झालेला असतो. ते उन्हाळ्यात ठरवायचे.

एक मात्र आधीच सांगतो. वाहत्या पाण्यात ट्रॅक्टर घालू नये. "आमचा ट्रॅक्टर जाते की!" असे म्हणणारे काका प्रत्येक गावात असतात. गुडघाभर वाहते पाणीही माणसाचे पाय उचलते आणि पाण्याखाली रस्ता वाहून गेला आहे की नाही ते वरून दिसत नाही. दोन्ही नाल्यांना पूर असेल तर थांबायचे, रोग्याला उंच कोरड्या जागी ठेवायचे आणि १०७७ वर सांगायचे की बोट लागेल. राज्याचे आपत्ती प्रतिसाद दल नागपूर आणि धुळे येथे असते. तिथून इथे यायला काही तास लागतात. म्हणून पाणी चढू लागताच, अंधार पडायच्या आधी कळवणे बरे. ज्या घरी बाळंतपण जवळ आले आहे त्या घरच्या बाईला पावसाचा रंग पाहून आधीच पक्क्या रस्त्यावरच्या नातेवाइकांकडे नेऊन ठेवावे. आमच्या आज्या हे पूर्वीपासून करतच आल्या आहेत.

टॉवरचीही अडचण आहे. वीज गेली की टॉवर बॅटरीवर चालतो, आणि बॅटरी संपली की तोही मुका होतो. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ हा फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो, म्हणून लावून पाहावा. डोंगराकडच्या गावांत आणखी एक गंमत होते. फोन सातपुड्यापलीकडचा मध्य प्रदेशाचा टॉवर पकडू शकतो आणि मग १०८ पुण्याऐवजी भोपाळला लागू शकतो. समोरून हिंदी ऐकू आले तर घाबरून फोन ठेवू नये. "महाराष्ट्र, जिला बुलढाणा" असे आधी सांगावे. आणि फोन मुळीच लागत नसेल तर दोन माणसे उंचावर पाठवायची, एक नाही. एकाला ठेच लागली तर दुसरा निरोप पोचवील.

या लेखाच्या उजवीकडे आम्ही काढलेला नकाशा लावला आहे. निळ्या रेघा म्हणजे नाले, काळ्या म्हणजे रस्ते. जिथे जिथे रस्ता नाल्याला ओलांडतो तिथे लाल ठिपका दिला आहे. आमचे एकवीस ठिपके झाले. काही नक्कीच राहिले असतील, कारण आम्ही सगळे रस्ते पाहिलेले नाहीत. पालकांना विनंती आहे की आपल्या गावाकडचा ठिपका शोधून त्याशेजारी दोन गोष्टी लिहाव्यात. कोणत्या बाजूचे पाणी आधी उतरते, आणि त्या काठाजवळ रात्री हाक मारली तर कोणत्या वस्तीत ऐकू जाते. पेन्सिल सुतळीने खिळ्याला बांधलेली आहे. लिहिता येत नसेल तर सातवीच्या कोणत्याही मुलाला सांगा, तो लिहून घेईल. मामाच्या गावचा ठिपका भरून झाला आहे. मामी स्वतः आली होती, तिने सांगितले आणि भाचीने लिहिले.