व्हिस्की चमच्यानं, चक्का वाटीनं

पुण्याचे दीर-जाऊ येणार, त्यांना कॉफी-व्हिस्कीचं ते ग्लासातलं गोड तिरामिसू हवंय, आणि अक्कलकोटात मस्कारपोने चीज कुठून आणू म्हणून तू रडकुंडीला आलीस! अगं, त्यासाठी सोलापूर गाठायची काही गरज नाही. श्रीखंडाला बांधतेस तोच चक्का घे. फक्त आपल्याकडच्या उन्हाळ्यात दही बाहेर टांगू नकोस, आंबतं. चाळणीत फडकं घालून फ्रीजमध्येच ठेव. कॉफी आधीच कडू, त्यात आंबट चक्का म्हणजे संपलंच.

अर्धा किलो दह्याच्या चक्क्यात चार चमचे पिठीसाखर आणि अर्धी वाटी फ्रेश क्रीम नुसतं कालव. फेटत बसू नकोस. खरं सांगू का, त्या क्रीममध्ये स्निग्धांश 25 टक्केच असतो, ते फुलत नाही. मी एकदा मनगट धरेपर्यंत फेटलंय, ते ढिम्म हललं नाही!

कपभर कडक इन्स्टंट कॉफी साखर घालून पूर्ण गार कर. आता नीट ऐक. मुलांची आणि सासूबाईंची कॉफी आधीच वेगळी काढ, मगच उरलेल्या कॉफीत व्हिस्की घाल. चार ग्लासांना मिळून 30 मिली, छोटा पेग, बास. गरम कॉफीत घातली की दारू उडून जाते म्हणतात ना, त्यावर विसंबू नकोस; नुसतं ढवळून ती बरीचशी तशीच राहते. म्हणून मुलांना, गरोदर बाईला, औषधं चालू असलेल्यांना तो ग्लास अजिबात नाही. घोळ नको म्हणून बिनदारूचं स्टीलच्या वाट्यांत लाव आणि दारूचं काचेच्या ग्लासांत.

चहाबरोबरचा टोस्ट कॉफीत बुडवून लगेच काढ, वर चक्का, पुन्हा टोस्ट, पुन्हा चक्का, शेवटी कोकोची भुकटी. जिलेटिन घाल असं कुणी सुचवलं तर ऐकू नकोस. ते जनावरांच्या हाडा-कातड्याचं असतं आणि चक्का तसाही घट्टच बसतो.

बाटली दीर आणतील, परवानाही त्यांचा त्यांनीच बघावा. आपल्या राज्यात दारू प्यायला परवाना लागतो आणि व्हिस्कीसाठी वयाची 25 वर्षं पूर्ण हवीत. आणि बघ, गुरुवारी हा घाट घालूच नकोस. स्वामींचा वार, वटवृक्ष मंदिरात गर्दी, दर्शनाला आलेला कोण कधी दारात उभा राहील सांगता येत नाही गं.

सासूबाई नकोच म्हणाल्या तर व्हिस्की गाळ, तुझं काही अडत नाही. इटलीत त्रेव्हिझोच्या ‘ले बेकेरिए’ हॉटेलातलं मूळ तिरामिसू बिनदारूचंच होतं. जाऊबाईंनी नाक मुरडलं तर त्यांना एवढं ऐकव.

शनिवारी रात्री दही बांध, रविवारी सकाळी ग्लास भर, आणि जेवणं होईपर्यंत फ्रीज सारखा उघडून बघू नकोस.