प्रमाणबद्ध बैलगाडी : हस्तव्यवसायातून गुणोत्तर

ज्वारीच्या धांड्यांची गाडी मुले हौसेने करतात. परंतु तिचे भाग एका प्रमाणात नसतात. म्हणून शिक्षकांनी प्रथम गावातील खरी बैलगाडी मुलांकडून मोजून घ्यावी. चाकाचा व्यास १२० सेंटिमीटर भरल्यास १:१० प्रमाणात प्रतिकृतीचे चाक १२ सेंटिमीटरचे होईल. आरे, तुंबा, आस व जू याच प्रमाणात बांबू व हलक्या लाकडातून घडवावेत. प्रमाण चुकल्यास चाक आसावर बसत नाही आणि चूक मुलास स्वतःच उमगते. घरी भिली, पावरी वा मावची बोलणाऱ्या मुलाने प्रत्येक भागाचे नाव आधी स्वभाषेत सांगावे, नंतर मराठीत लिहावे. शेवटी दोन्ही चाकांचा परीघ दोऱ्याने मोजावा. तो सुमारे ३७७ व ३७.७ सेंटिमीटर भरला, म्हणजे पाठ साधला.