लहान रिव्हॉल्व्हर व त्याची काडतुसे: अमेरिकेत नव्याने येणाऱ्यांसाठी

अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांकडे आम्ही या विषयाची पृच्छा केली, तेव्हा टेक्सासपासून न्यू जर्सीपर्यंत जवळजवळ सर्वांनी शस्त्राच्या गुणावगुणांआधी कागदपत्रांचीच गोष्ट काढली, आणि तो क्रम आम्हांसही रास्त वाटतो. शेजारचा गृहस्थ दुकानातून रिव्हॉल्व्हर घेऊन येतो म्हणून आपणही आणू, असे एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर आलेला माणूस म्हणू लागला, तर त्याने हे जाणून असावे की संघराज्याचा कायदा त्याला शस्त्रच काय, एक काडतूसही जवळ बाळगू देत नाही. शिकारीचा वैध परवाना हा अपवाद आहे खरा. पण त्या आडवाटेला न जाता ग्रीन कार्ड हाती पडेपर्यंत थांबावे, असाच जुन्याजाणत्यांचा कौल पडला. नुसता अर्ज दाखल झाल्याने हा मज्जाव उठत नाही. शिवाय अजून व्हिसावरच असलेली पत्नी अथवा सहा महिन्यांसाठी नातवंडांकडे आलेले आईवडील यांनाही हाच नियम लागू असल्याने, कर्त्या पुरुषाचे शस्त्र कुलपात आणि किल्ली त्याच्याच खिशात, अशी तजवीज आधी करावी. बाबांना हौसेने रेंजवर नेऊन एक गोळी झाडू देणेही टाळावे.

दुकानदाराकडून पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर घेण्यास २१ वर्षे पुरी असावी लागतात. तेथे भरावयाच्या ४४७३ क्रमांकाच्या नमुन्यात खोटे लिहिणे हा गंभीर गुन्हा असून, राज्याने गांजाला मुभा दिली असली तरी संघराज्याने ती दिलेली नाही, हे तो नमुनाच बजावतो. पुढे राज्याराज्यांची तऱ्हा निराळी: टेक्सासमध्ये २०२१ पासून बहुतेक प्रौढांस परवान्यावाचून शस्त्र अंगावर बाळगता येते, तर न्यू जर्सीत खरेदीसाठीच आधी परवाना काढावा लागतो, आणि एका राज्याचा दाखला दुसऱ्यात चालेलच असे नाही.

आता प्रत्यक्ष शस्त्राकडे वळू. स्मिथ अँड वेसनने १९५० साली ‘चीफ्स स्पेशल’ नावाचे जे पाच गोळ्यांचे लहान रिव्हॉल्व्हर काढले, त्याचे वंशज असलेले ६४२ आणि रूगरचे २००९ मधील एलसीआर, ही नावे वारंवार ऐकू आली. दोहोंचा घोडा आत झाकलेला असल्यामुळे तो कपड्यात अडकत नाही, आणि वजन ४०० ग्रॅमच्या आसपास. नवख्याला भुरळ पडते ती नेमकी या हलकेपणाची. वास्तविक खिशात जे हलके तेच हातात अवघड, कारण धक्का शोषण्यास पुरेसा धातू नाही, दोन इंचांहून आखूड नळीमुळे नेम धरणे कठीण, आणि ६४२चा चाप ओढण्यास सुमारे पाच किलोंचा जोर लागतो. सुमारे ७०० ग्रॅमचे रूगरचेच पोलादी एसपी१०१ बाळगण्यास जड, पण झाडण्यास सुसह्य. ज्याची बोटे संधिवाताने आखडली आहेत त्याने तरी रेंजवर भाड्याने घेऊन झाडून पाहिल्यावाचून पैसे मोजू नयेत.

.३८ स्पेशलच्या रिव्हॉल्व्हरात १९३५ सालचे .३५७ मॅग्नम काडतूस बसत नाही, कारण ते सुमारे एक दशांश इंच लांब आहे. उलट मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरात .३८ खुशाल चालते. हलक्या रिव्हॉल्व्हरातून मॅग्नम झाडण्याचा मोह मात्र आवरावा: धक्क्याने इतर काडतुसांतील गोळ्या पुढे सरकून चक्रच अडू शकते. आमच्या मते १४८ ग्रेनची सपाट तोंडाची वॉडकटर सरावास उत्तम, आणि कमकुवत मनगटाच्या माणसाने बाळगण्यासही कमी प्रतीची नव्हे. पोकळ टोकाची गोळी फुलते आणि आरपार जाण्याचा धोका काहीसा कमी करते. पण आखूड नळीतून वेग कमी मिळाल्याने ती कधी कधी फुलतच नाही, म्हणून आखूड नळीसाठीच बनविलेली, उदाहरणार्थ स्पीअरची १३५ ग्रेनची, निवडावी. न्यू जर्सीत मात्र अशी गोळी घरी ठेवण्यास मुभा असली तरी घराबाहेर अंगावर बाळगण्यावर निर्बंध आहेत. ज्यांच्या गावच्या घरी कानपूरच्या कारखान्याचे परवान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर आहे, त्यांना ऐकून बरे वाटेल की तेच .३२ लाँग काडतूस .३२७ फेडरलच्या लहान रिव्हॉल्व्हरात चालते, धक्का अगदी सौम्य असतो, आणि पाचाऐवजी सहा गोळ्या मावतात.

खिशात ठेवावयाचे तर चाप पूर्ण झाकणाऱ्या म्यानात, आणि त्या खिशात दुसरे काहीही नको. येथील बंदुकीच्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. घरात कोणी खिन्न वा विमनस्क असेल तर खरेदीचा बेत लांबणीवर टाकावा, आणि शस्त्र आधीच असेल तर ते काही काळ घराबाहेर कायदेशीर सुरक्षित जागी हलवावे, या मुद्द्यावर कोणाचाही मतभेद झाला नाही.

आणि रेंजवर नेलेली पिशवी भारतात जाताना घेऊ नये. तिच्या शिवणीत राहून गेलेल्या एका काडतुसामुळेही मुंबईच्या विमानतळावर १९५९च्या शस्त्र कायद्याखाली चौकशी, प्रसंगी अटक ओढवू शकते. सुट्टीची बॅग भरण्यापूर्वी ती उलटी करून झटकावी, हे तर झालेच, पण सरळ निराळीच बॅग वापरावी.