गप्प बसलेला स्विच

समजा, कवठे महांकाळच्या एका शाळेत मैदानापलीकडे संगणक-कक्ष आहे. तिथला बिनतारी स्विच कचेरीशी रेडिओलहरींनी जोडला आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस! दुवा तुटला, तर कचेरीला कसे कळावे?

एक उपाय असा : बिघाड होताच स्विच स्वतः इशारा धाडतो. त्याला 'ट्रॅप' म्हणतात. पण दुवाच तुटला, तर इशारा पोचणार कोणत्या वाटेने? म्हणून कचेरीतील संगणक दर मिनिटाला स्विचला हाक मारतो. १९८३ साली माइक म्यूस यांनी अशा हाकेसाठी 'पिंग' ही आज्ञावली लिहिली. एखादे उत्तर वाटेत हरवू शकते. म्हणून लागोपाठ तीन हाका वाया गेल्या, तरच घंटा वाजवावी.

दुवा तुटण्याआधीही सावध होता येते. संदेशाची शक्ती 'डीबीएम'मध्ये मोजतात. उणे ६० म्हणजे वॅटचा अब्जावा भाग. उणे ७० म्हणजे त्याचाही दहावा. मधल्या कडुलिंबाची ओली फांदी हलली, तरी हा आकडा बदलतो. उणे ७५ ही एकच सीमा ठेवली, तर इशारा सारखा लागेल आणि विझेल. मग 'लांडगा आला रे आला' अशी गत होऊन कोणी लक्ष देणार नाही. यासाठी उणे ७५ च्या खाली इशारा लावावा आणि शक्ती उणे ७० च्या वर गेल्यावरच विझवावा. विजेची इस्त्रीही अशाच दोन सीमांमध्ये तापते व निवते.

आता विचार करा : हाक मारणारा संगणकच बंद पडला, तर कोणाला कळेल?