कवंदीचे अस्तर

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा, हल्याळ, यल्लापूर व मुंडगोड या तालुक्यांत राहणाऱ्या सिद्दी समाजातील स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची गोधडी शिवतात. तिला कवंदी म्हणतात. सिद्दींचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून, पुष्कळसे गोव्याच्या वाटेने, या अरण्यप्रदेशात आले. या जिल्ह्यातील सिद्दींचा समावेश २००३ साली अनुसूचित जमातींत झाला. कवंदी आता परगावीही विकली जाते, आणि तेथे गिऱ्हाईक ती प्रथम धुते तेव्हाच अस्तराची खरी परीक्षा होते.

शिवणवर्गात शिकविली जाणारी रीत येथे उपयोगी पडत नाही. त्या रीतीत थर मध्यापासून कडेकडे टाचतात, त्यामुळे सैल कापड बाहेर सरकते आणि शेवटी कडेला पट्टी लावून ते झाकता येते. कवंदीचा धावदोरा एका कोपऱ्यापासून निघून कडेकडेने फिरत मध्याकडे जातो. अस्तराची कड प्रथमच आत दुमडून बंद झालेली असते. अस्तरात झोळ राहिला तर त्याला बाहेर पडण्यास वाट नाही. तो मध्यावर गोळा होतो व अनेक दिवसांचे श्रम वाया जातात.

म्हणून अस्तरासाठी बहुधा जुनी सुती साडी घेतात. ती अनेकदा धुतली गेल्याने पुरती आटलेली असते. कोरे कापड घ्यावयाचे असल्यास ते रात्रभर पाण्यात भिजवून, खळ काढून, वाळवून मगच वापरावे. रंग जात असल्यास पाणी स्वच्छ निघेपर्यंत वेगळे धुवावे. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो या समजुतीवर विसंबू नये. कृत्रिम धाग्याची साडी स्वस्त मिळते, पण ती आटत नाही आणि सुईखाली सरकते. सुती तुकड्यांखाली ती टाळलेली बरी.

साडी उजेडासमोर धरून पाहावी. कमरेशी व पायांशी ती अधिक विरलेली असते. असा भाग काढून दोन धड तुकडे जोडावेत. लुगड्याला दंड घालण्याची रीत मराठी घरांत जुनीच आहे, तीच येथे चालते. फॉल उसवावा आणि जाड काठ कापावा, कारण तो कापडाइतका आटत नाही व कडेला चुण्या पडतात. कापताना एक आडवा धागा ओढून काढावा व त्या रेषेवरून कात्री चालवावी. विरलेले कापड फाडू गेल्यास ते भलतीकडे जाते.

साडेपाच मीटरच्या साडीचे दोन समान भाग केल्यास प्रत्येक पावणेतीन मीटरचा होतो. एकट्याच्या पांघरुणाला एक भाग पुरतो. दुसरा आत थर म्हणून घालावा. दोघांसाठी ते लांबीच्या बाजूने जोडावेत. चहूबाजूंनी दोन बोटे कापड दुमडण्यास सोडावे.

कोपऱ्यांकडे विशेष लक्ष द्यावे. तेथे दुमडलेल्या चिंध्यांची फुले शिवतात, आणि फुलांवाचून कवंदी पुरी झाली असे सिद्दी स्त्रिया मानीत नाहीत. कोपरा विरलेला असेल तर फुलाच्या टाक्यांनी तो फाटतो. तेथे आतून हातभर तुकडा आधीच लावून घ्यावा.