स्लिम फिट जीन्सची दुरुस्ती: कुठे, कितीला आणि काय विचारून

घट्ट जीन्स आधी दोन जागी जाते: दोन पाय जुळतात त्या आसनात आणि पुढच्या खिशाच्या तळाशी. भोक पडण्याआधी काम स्वस्तात होतं. म्हणून अधूनमधून जीन्स उलटी करून उजेडासमोर धरा. मांड्यांच्या मध्ये निळा धागा झिजून आडवे पांढरे धागे दिसू लागले, की लगेच अल्टरेशनवाल्याकडे न्या. धुऊन न्या, मळक्या जीन्सला बरेच जण हात लावत नाहीत.

मुंबई-पुण्यात गल्लीतल्या दुकानाचे दर साधारण असे: उसवलेली शिवण ३० ते ५० रुपये, आसनाला आतून कापड लावून मशीनचं रफू एका बाजूला ८० ते १५०, खिशाची अर्धी पिशवी ५० ते ८०, पूर्ण १०० ते १५०. हाताचं रफू भोकाच्या आकारावर, सहज ३००च्या पुढे. मॉलमध्ये याच कामाचे जास्त मोजाल. घरून कपडे नेणाऱ्या सेवांमध्ये किमान बिल आणि ने-आण वेगळी लागते का, ते आधी विचारा. वेळ एक-दोन दिवस. दिवाळीच्या तोंडावर आठवडा धरा.

खरी मेख खिशात आहे. फाटलेला तळ कापून वर एक टीप मारली, की काम दोन मिनिटांत होतं. पैसे मात्र दुरुस्तीचे घेतात आणि खिसा दोन बोटं उथळ होतो. मोबाइल अर्धा बाहेर, बसलात की खाली. ‘अर्धी पिशवी नवी लावा, खोली तेवढीच ठेवा,’ असं स्पष्ट सांगा. कापडही बघून घ्या. पातळ पॉलिस्टर अस्तर किल्ल्यांपुढे टिकत नाही. घरातल्या जुन्या सुती पँटचा तुकडा दिलात तर उत्तम. खिशाच्या तोंडाशी, रिव्हेटजवळ कापड फाटलं असेल तर नुसती टीप पुरत नाही, आतून पट्टी लागते. तिचे पैसे वेगळे का, तेही आधीच ठरवा.

आसनात नुसतं चिकटवायचं फ्युजिंग नको. धुण्यात ते सुटतं. वरून दाट, पुढे-मागे टीप हवी आणि ती भोकाच्या कडेपासून दोन बोटं पुढे, चांगल्या कापडात जायला हवी. स्ट्रेच जीन्समधले इलॅस्टिकचे धागे जागोजागी तुटून बाहेर आले असतील तर खर्च करू नका, शेजारी पुन्हा फाटेल. सातशेच्या जीन्सवर तीनशेचं रफू तर नकोच.

नवी घेताना ट्रायल रूममध्ये खाली बसून बघा. आसनावर आडव्या सुरकुत्या ताणल्या तर एक साइज वरची घ्या. खिसा बाहेर ओढा, कापड चोळा, तोंडाच्या दोन्ही टोकांना रिव्हेट किंवा दाट आडवे टाके आहेत का पाहा.

नवीच जीन्स शिवणीत उसवली तर दुरुस्त करून घेऊ नका, आधी फोटो काढा. बिल, टॅग आणि जीन्स घेऊन दुकानात जा. बिलावर ‘परत घेतले जाणार नाही’ छापलेलं असलं तरी दुकानदाराला सदोष माल परत घेणं नाकारता येत नाही. बिलात परतीची मुदत नसेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ती ३० दिवस धरतात. दुकानदार ऐकेना तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, फोन मोफत. मात्र तोवर जीन्स अल्टर करू नका, पायाची लांबीसुद्धा नाही. दुकानदार आधी तेच कारण पुढे करतो.