रस्ता नसलेल्या मुलखाचा नकाशा

प्रश्न : कॅनडाच्या उत्तर भागात शेकडो मैल रस्ता नाही, वस्ती नाही. तरी कुठे वाळू, कुठे चिखलमाती, कुठे उघडा कातळ, याचे नकाशे तयार आहेत. हे कसं जमतं? आणि उपग्रह असताना तिथे माणसं कशाला पाठवतात?

उत्तर : शंका रास्त आहे. तिचे दोन भाग करू : न जाता किती कळतं, आणि गेल्याशिवाय काय कळत नाही.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. तिथे बारमाही बर्फ असतो असं आपण धरून चालतो. कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशात, मुख्य भूमीवर जुलै-ऑगस्टमध्ये बर्फ वितळलेला असतो. झाडं जवळजवळ नाहीतच, त्यामुळे जमीन लांबवर उघडी दिसते. नकाशासाठी तिथे जाऊन करायचं काम याच दोन महिन्यांत उरकावं लागतं.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी या मुलखावर बर्फाचा प्रचंड थर होता, काही ठिकाणी तीन किलोमीटर जाडीचा. तो सरकताना खालचा खडक खरवडत, भरडत गेला आणि वितळताना तो सगळा माल जागोजागी टाकून गेला. म्हणून वरची माती खालच्या कातळातूनच झाली असेल असं नाही. ती लांबूनही आलेली असते. याच कारणाने तिथे कातळाचा नकाशा वेगळा आणि वरच्या थराचा वेगळा करतात.

आता पहिला भाग. विमानातून घेतलेले, एकमेकांवर थोडे चढणारे दोन फोटो स्टिरिओस्कोप या दोन भिंगांच्या उपकरणाखाली ठेवले की जमिनीचे चढउतार उठून दिसतात. आता जोडीला उपग्रहाची चित्रंही असतात. नागमोडी, कित्येक किलोमीटर लांब उंचवटा दिसला तर तो एस्कर : बर्फाच्या पोटातल्या बोगद्यातून वाहणाऱ्या नदीने साठवलेली वाळू आणि खडी. हडसन उपसागराकाठी समुद्रापासून बरंच आत, उंचावर जुन्या किनाऱ्यांच्या ओळी दिसतात. बर्फाचं ओझं उतरल्यापासून तिथली जमीन वर येते आहे, काही ठिकाणी अजूनही वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर. एवढं सगळं ऑफिसात बसून आखता येतं.

पण फोटोत आकार दिसतो, आत काय आहे ते दिसत नाही. त्यासाठी माणूस उतरावा लागतो. १८९३ मध्ये भूवैज्ञानिक जे. बी. टायरेल या मुलखातून कनूने, म्हणजे वल्ह्याच्या हलक्या होडीने गेले. १९५२ च्या ‘ऑपरेशन कीवाटिन’मध्ये कॅनडाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने हेलिकॉप्टर वापरलं आणि कामाचा वेगच बदलला. आजही निवडक ठिकाणी उतरून आधी आखलेलं पडताळतात. सगळा प्रदेश कोणी पायी तुडवत नाही.

उतरल्यावर काय करतात? उन्हाळ्यात जमीन वरवरच वितळते, खाली गोठलेलीच राहते. गोठण्या-वितळण्याच्या ओढाताणीत खालचा चिखल वर येतो आणि गवताच्या मधोमध उघडे गोल डाग पडतात. तिथे फावडं चालतं. माती बोटांत चोळून रेती किती, गाळ किती ते पाहायचं आणि नमुना पिशवीत भरायचा. जवळच्या कातळावर बर्फाने ओढलेले चरे असतात. होकायंत्राने त्यांची दिशा मोजतात. चरा समजा उत्तर-दक्षिण रेघ दाखवतो, पण बर्फ उत्तरेकडून आला की दक्षिणेकडून, हे सांगत नाही. ते कातळाच्या उंचवट्यावरून कळतं : ज्या बाजूने बर्फ चढला ती गुळगुळीत, ज्या बाजूने उतरला ती उचकटलेली, खडबडीत.

ही दिशा कळणं किती मोलाचं आहे ते पाहा. चक फिपके आणि स्टुअर्ट ब्लुसन या हिरे शोधणाऱ्या भूवैज्ञानिकांना हिऱ्यांच्या खडकासोबत येणारी खनिजं मातीत सापडत होती. बर्फ ज्या दिशेने आला होता त्या दिशेने उलट माग काढत ते शेकडो किलोमीटर पूर्वेकडे गेले आणि १९९१ मध्ये लाक द ग्रा तलावाजवळ मूळ खडक हाती लागला. १९९८ मध्ये तिथे एकाटी ही कॅनडाची पहिली हिऱ्यांची खाण सुरू झाली. माझ्या मते उपग्रहाच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे : मातीतले ते बारीक कण आकाशातून दिसले नसते.

हे नकाशे कॅनडाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. पाहिलेत तर सीमारेषांकडे लक्ष द्या : सलग रेघ खात्रीची असते, तुटक रेघ अंदाजाची.